आरशाची मागची बाजू

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक रील टाकलं होतं. 'पॉम्पेईच्या राखेत सापडली आपली लक्ष्मी!' असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, मागे ढोल-ताशा, आणि मध्ये हळूहळू गोल फिरणारी एक हस्तिदंती मूर्ती. दोन हजार वर्षांपूर्वी आपली देवी रोममध्ये पुजली जायची, असा एकूण आव. मी इतिहास घेऊन पदवी केलेली. तरीही एका सेकंदाचा विचार न करता फॉरवर्ड केलं. मामांनी हात जोडले, आत्याने कमळं पाठवली, चुलतभावाने 'गर्व आहे' असं लिहिलं.

बाबा ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत. रात्री जेवताना त्यांनी मला ते पुन्हा दाखवायला सांगितलं. चष्मा लावून दोनदा बघितलं.

"केवढी आहे गं ही मूर्ती?"

"वीतभर असेल. का हो?"

"डोक्यात भोक आहे बघ. वर काहीतरी बसवलेलं असणार. म्हणजे ही कशाची तरी मूठ आहे, नाहीतर पाय. देवीला कोण मुठीत धरेल? आणि डोक्यात भोक कोण पाडेल?"

मी म्हटलं, "बाबा, तज्ज्ञ लोकांनी सांगितलंय."

"असेल," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

बाबांनी भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात पंचवीसेक वर्षं स्टीलच्या ताटांना पॉलिश केलं. आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतींतून फिरलात तर तो आवाज अजून ऐकू येतो. प्रेसचा ठोका आणि बफिंग मशीनची सलग घरघर. वस्तू कशी धरतात, कुठे जोडतात, कुठून झिजते हे बाबा बघूनच सांगतात. त्यांचा प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी त्या मूर्तीच्या मागे लागले.

•

आधी जे पक्कं आहे ते सांगते.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं. १९३८ साली अमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात तिथल्या एका घरात ही मूर्ती मिळाली. उंची सुमारे २५ सेंटीमीटर. दागिन्यांनी मढलेली, बाकी जवळजवळ निर्वस्त्र अशी एक स्त्री. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून उभी. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचं साहित्य. मायुरींना ती लक्ष्मी वाटली आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

आता लक्ष्मीची ओळख पटवणाऱ्या खुणा शोधा. कमळ नाही, हत्ती नाहीत. त्यामुळे बरेच अभ्यासक तिला देवी न म्हणता यक्षी किंवा नुसती शृंगार करणारी स्त्री म्हणतात. आणि डोक्यापासून खाली गेलेलं ते भोक खरंच आहे. म्हणजे ती स्वतंत्र मूर्ती नव्हती, कुठल्यातरी वस्तूचा भाग होती. कुठल्या, यावर दोन मतं आहेत. एक, आरशाची मूठ. दोन, छोट्या तिवईचा पाय. आरशाची मूठ म्हणावी तर जरा लांब आहे, पण दासींच्या हातातलं साहित्य शृंगाराकडे बोट दाखवतं. वाद मिटलेला नाही.

म्हणजे बाबांनी जेवता जेवता जे सांगितलं होतं, ते दोन्ही पर्याय पुस्तकांत होते. मूठ, नाहीतर पाय.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती रीलमध्ये नव्हतीच. या मूर्तीच्या सर्वांत जवळच्या बहिणी महाराष्ट्रात सापडल्या आहेत. एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या यादीत या गावच्या लोकांची नोंद आहे. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या उत्खननात इथे हस्तिदंती मूर्तीचा तुटलेला तुकडा मिळाला, मध्ये स्त्री आणि बाजूला दासी, पॉम्पेईच्या मूर्तीसारखीच मांडणी. तेरचं लामतुरे संग्रहालय तर गावातच आहे. सातवाहन काळातल्या वस्तूंचा एवढा साठा एका गावात बघायला मिळणं ही सोपी गोष्ट नाही. या दोन्ही मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात असं अभ्यासकांनी मांडलं आहे.

मग पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यात कोरली गेली का? मोह होतो 'हो' म्हणायचा. पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधारकडची लिपी. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंती कामाशीही तिचं साम्य आहे. कोरली कुठे, अक्षर कुणी घातलं, कुठल्या वाटेने गेली, याची उत्तरं एका ओळीत मावत नाहीत. रीलमध्ये तर नाहीच.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. 'ही बहुतेक लक्ष्मी नाही, आरशाची मूठ किंवा तिवईचा पाय असावा. पण तिच्यासारख्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्यात.' एकच प्रतिक्रिया आली, चुलतभावाची. 'मग गर्व कशाचा करायचा?'

त्याने गंमत केली होती. मला मात्र उत्तर द्यायचं होतं, आणि ते द्यायला आरशांच्याच मागे जावं लागलं.

•

भाईंदरहून विरारकडे जाणारी लोकल खाडीवर आली की दोन्ही बाजूंना पाणी, मागे मिठागरं. भरतीच्या वेळी सकाळी पाणी इतकं स्थिर असतं की पूल उलटा दिसतो. पुढे नायगाव, वसई, आणि मग नालासोपारा. नालासोपारा म्हटलं की आपल्याला चेंगरणारी गर्दी आठवते. पण हेच शूर्पारक. इथे अशोकाच्या आदेशलेखाचा तुकडा सापडला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला आणि आतून स्तूप निघाला.

इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली, 'पेरिप्लस'. तीत सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आहे आणि तगर म्हणजे तेरही आहे. पैठण आणि तगरचा माल खडतर वाटांनी गाड्यांतून भडोचला जातो, असं तो लिहितो. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. आणि बाहेरून भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी वाचताना मी थांबले: मद्य, तांबं, कथील, शिसं.

कथील! जुना आरसा काचेचा नसायचा, धातूचा असायचा. तांब्यात कथील मिसळून कांसं बनतं, आणि कांसं घासून आरसा. तांबं आपल्याकडे होतं. कथील मात्र भारतात फार थोड्या ठिकाणी मिळतं, ते दुरून आणावं लागायचं. तेरच्या कुणा बाईने हस्तिदंती मूठ धरून ज्या आरशात तोंड बघितलं असेल, त्या आरशातलं कथील भडोचच्या धक्क्यावर परदेशी जहाजातून उतरलेलं असू शकतं. मूठ इथली, चमक कदाचित बाहेरची.

उलटंही झालंच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४४-४५च्या सुमारास रोमन बनावटीच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची ती शान आहे. ती मिळाली म्हणून पंचगंगेच्या काठी पोसायडनची पूजा होत होती असं कुणी म्हणत नाही. कुणाला तरी ती वस्तू आवडली, त्याने घेतली, इतकंच. मग पॉम्पेईच्या घरातल्या मूर्तीबद्दल आपण वेगळं का बोलतो?

•

आता जरा पूर्वेकडे जाऊ. धातूच्या आरशांचं वेड सर्वांत जास्त कुणाला होतं, तर चिन्यांना.

आन्यांग इथे १९७६ मध्ये फू हाओ या राणीची कबर सापडली, इसवीसनाच्या सुमारे बाराशे वर्षं आधीची. तिच्यात चार कांस्य आरसे होते. तिथून पुढे दोन-अडीच हजार वर्षं चीनमध्ये असे आरसे घडत राहिले. आणि त्यांच्यात आपल्या आरशांपेक्षा एक मोठा फरक आहे. त्यांना सहसा मूठ नसते. गोल चकती, आणि मागे मधोमध एक भोक असलेलं बोंड. त्यातून गोंडा ओवायचा आणि धरायचं.

फरक लहान वाटतो, पण नक्षी कुठे जाणार हे त्यावरून ठरतं. आपल्याकडे नक्षी मुठीत गेली. चीनमध्ये अख्खी मागची बाजू मोकळी राहिली, आणि तिच्यावर त्यांनी विश्व मांडलं.

हान काळातला, म्हणजे आपल्या सातवाहनांच्या काळातला, एक प्रकार घ्या. मध्ये चौरस, बाहेर वर्तुळ. चौरस म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे आकाश. चौरसाच्या भोवती इंग्रजी टी, एल आणि व्ही या अक्षरांसारखे कोन. अभ्यासक त्यांना टीएलव्ही आरसेच म्हणतात. गंमत म्हणजे हीच खुणांची मांडणी त्या काळच्या लिऊबो नावाच्या सोंगट्यांच्या खेळाच्या पटावरही असते. चार दिशांना चार प्राणी: पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला लाल पक्षी, उत्तरेला सापाने वेढलेलं कासव. चौरसात काळ मोजणारी बारा चिन्हं. कडेने आशीर्वादाचे शब्द, दीर्घायुष्य मिळो, संकट टळो अशा अर्थाचे. मध्यभागी ते बोंड, जणू जगाचा मध्य.

म्हणजे आरसा समोर धरला की पुढे तुमचा चेहरा आणि चेहऱ्याच्या मागे दिशा, काळ, आकाश, पृथ्वी, सगळं जागच्या जागी. पण तोंड बघताना ही नक्षी तुम्हाला दिसतच नाही. ती दिसते समोर बसलेल्याला. तुमच्या बोटांना फक्त तिचे उंचवटे लागतात. लोकलमध्ये समोरची मुलगी सेल्फी काढते तेव्हा आपल्याला तिच्या मोबाईलचं मागचं कव्हर दिसतं, त्यावरचा गणपती, मांजर नाहीतर आवडता हिरो, तसंच.

हे आरसे मेल्यावरही सोबत जायचे. वाईट शक्तींना दूर ठेवतात, अंधारात उजेड देतात अशी समजूत. अफगाणिस्तानातल्या तिल्या तेपे इथे १९७८ मध्ये भटक्या सरदारांच्या कबरी सापडल्या. तिथल्या मृत स्त्रियांसोबत चिनी आरसे होते. त्याच कबरींत रोमन सम्राट तिबेरियसचं नाणं आणि भारतीय वळणाचा हस्तिदंती कंगवाही मिळाला. म्हणजे चिनी आरसा आणि भारतीय हस्तिदंत यांची भेट झाली होती. फक्त ती तेरलाही नाही आणि चीनमध्येही नाही. मधल्या वाटेवर, जिथे दोन्ही वस्तू परक्या होत्या.

आपल्याकडे वेगळंच घडलं. चिन्यांनी आरशावर शुभचिन्हं काढली, आपण आरशालाच शुभचिन्ह केलं. आमच्या मजल्यावरच्या जैन शेजाऱ्यांच्या दारावर अष्टमंगलाची पट्टी आहे. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, कलश, मत्स्ययुगल, आणि त्यांच्या रांगेत दर्पण. मी लहानपणापासून ती बघत आले, पण ते आठवं चिन्ह मला हातपंखा वाटायचा. शेजारच्या मासींना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, देरासरात पूजेच्या वेळी आम्ही आरशात भगवानाचं प्रतिबिंब बघतो, आपलं नाही. हिंदू देवळांतही देवाला वाहायच्या राजोपचारांत छत्र आणि चामरासोबत दर्पण असतो. देव सजून झाला की त्याला आरसा दाखवायचा, घरातल्या माणसाला दाखवावा तसा.

•

हे सगळं मी बाबांना थोडं थोडं सांगत होते. गाळा सोडल्यापासून ते बहुतेक घरीच असतात. श्वासाचा त्रास आहे. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काम काय करत होता विचारलं आणि उत्तर ऐकून नुसती मान हलवली. बफिंगची बारीक धूळ. त्या वेळी मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल, संध्याकाळपर्यंत काळा झालेला.

एका संध्याकाळी मी त्यांना 'जादूच्या आरशा'बद्दल वाचून दाखवलं. हान काळातले काही चिनी आरसे असे आहेत की त्यांच्या पुढच्या गुळगुळीत बाजूवर ऊन पाडलं आणि तो कवडसा भिंतीवर घेतला, तर भिंतीवर मागची नक्षी उमटते. शांघायच्या संग्रहालयात असा एक आहे. धातू आरपार दिसत नाही, मग नक्षी येते कुठून? अकराव्या शतकात शेन कुओ या चिनी विद्वानाने यावर लिहिलं. एकोणिसाव्या शतकात जपानी आरशांवरून युरोपातल्या शास्त्रज्ञांनी डोकं खाजवलं.

मी पुढचं वाचणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "दाबाने."

"म्हणजे?"

"पत्रा पातळ असला आणि मागे ठसा असला, की बफवर दाबताना पातळ जागा दबते, जाड जागा दबत नाही. हात काढला की दबलेली जागा परत वर येते. बोटाला कळत नाही, डोळ्याला पण नाही. पण ट्यूबलाईटखाली धरलं की कळतं. नळी सरळ दिसायला पाहिजे, ती तिथे वाकडी होते. आमच्याकडे ताटाच्या मागे कंपनीचा शिक्का असायचा ना, हलका माल असला की पुढून त्याचा गोल दिसायचा. मालक बाजूला काढायचा."

मी मोबाईलवरचं पुढचं वाक्य वाचलं. जादूच्या आरशाचं आज दिलं जाणारं स्पष्टीकरण जवळजवळ हेच आहे. घासताना पातळ भाग दबतो आणि मग किंचित फुगून येतो, नक्षीमागचा जाड भाग तसाच राहतो. पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे चढउतार तयार होतात, आणि ऊन त्यांच्यावरून परततं तेव्हा कुठे एकवटतं, कुठे पसरतं. भिंतीवर नक्षी उमटते.

जी गोष्ट बाबांच्या गाळ्यात 'रिजेक्ट' होती, ती तिथे चमत्कार ठरली. दोन्हीकडे ती करणारा हात मात्र पॉलिशवाल्याचा.

"कोण घासायचं हे आरसे?" बाबांनी विचारलं. "त्याचं काही लिहिलंय का?"

•

लिहिलंय, पण शोधावं लागतं.

आरसा साच्यातून निघतो तेव्हा तो आरसा नसतो. काळपट, खरबरीत चकती असते. तांबं लाल असतं. त्यात कथील वाढवत नेलं की धातू फिकट होतो, चांगली चमक घेतो, पण ठिसूळही होतो. हान आरशांत साधारण पाव भाग कथील असतं, थोडं शिसंही. असा आरसा हातातून पडला तर वाकत नाही, फुटतो. अशा धातूवर जोर लावून चालत नाही, तासन्‌तास हलक्या हाताने घासावं लागतं. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या 'ह्वाय-नान-त्झ' या चिनी ग्रंथात याचं वर्णन आहे. साच्यातून निघालेल्या आरशात काही दिसत नाही. त्याला कथलाचा लेप लावून पांढऱ्या नमद्याने घासलं की मग भुवया आणि केससुद्धा वेगळे दिसतात, अशा आशयाचं. ग्रंथकाराला खरं तर शिक्षणाबद्दल बोलायचं होतं, माणूसही घासल्याशिवाय चमकत नाही असं. पण त्या निमित्ताने पॉलिशची कृती टिकून राहिली.

शिवाय आरसा एकदा घासून संपत नाही. तो मंद होतो, पुन्हा घासावा लागतो. म्हणून चीनमध्ये गल्लोगल्ली फिरणारे आरसे घासणारे असायचे, आपल्याकडे कल्हईवाले यायचे तसे. जुन्या चिनी सिद्धपुरुषांच्या चरित्रांत एक आहे फू-च्यू. पाठीवर सामान घेऊन बाजारात फिरायचा, एका नाण्यात आरसा घासून द्यायचा, आणि घासता घासता गिऱ्हाइकाला विचारायचा, घरात कुणी आजारी आहे का? असेल तर औषध द्यायचा. औषधाचे पैसे घ्यायचा नाही.

ही गोष्ट ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घासणाऱ्याला कळतंच. घरात काय चाललंय ते भांड्यावरून कळतं."

आणि आपल्याकडे? अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात हातात गोल आरसा धरून शृंगार करणारी राजकन्या आहे, पाचव्या शतकातली. शेजारी दासी आहेत. आरसा घडवणारा चित्रात नाही, तो तिथे असण्याचं कारणही नाही. पण तो एका वेगळ्या लेण्यात सापडला.

आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यात. दरवर्षी यात्रेला गेलो की लेण्याद्रीचा डोंगर समोर दिसतो, पायऱ्या चढून गणपतीला जातो आणि खाली उतरून उसाचा रस पितो. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांत सातवाहन काळातली दोनशेहून जास्त लेणी आहेत, हे मला माहीत होतं. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत काय आहे हे मात्र कधी बघितलं नव्हतं. त्यांपैकी एका लेखात दोन श्रेणींचा, म्हणजे कारागिरांच्या संघांचा उल्लेख आहे. एक वंसकारांची, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची. दुसरी कासाकारांची.

कासाकार. कांस्यकार. आपले कासार.

लेखाचा विषय दानाचा आहे. कुणीतरी धर्मकार्यासाठी या श्रेणींकडे रक्कम ठेवली आणि श्रेणींनी तिच्यावर दर महिन्याला ठरलेलं व्याज द्यायचं. म्हणजे कांसं घडवणाऱ्या, घासणाऱ्या लोकांची त्या काळच्या जुन्नरमध्ये एवढी पत होती की लोक त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवायचे. आजच्या भाषेत पतपेढी. त्यांनी नेमके आरसे घडवले की ताटं-वाट्या, ते त्या लेखात नाही. पण तेर आणि भोकरदनच्या मुठींवर जे आरसे बसायचे, ते अशाच कुणाच्यातरी हातचे. त्यांचं एकेकट्याचं नाव उरलं नाही, धंद्याचं नाव मात्र दोन हजार वर्षं दगडावर आहे, आणि आजही आडनाव म्हणून चालतं.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डोंगर कुठला?" आणि दुसरा, "ठेवीवर व्याज, म्हणजे घासणाऱ्यांचा संघ होता म्हणतेस?"

"हो."

"आमचा नव्हता," ते म्हणाले.

•

मराठीतला 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श'वरून आला. आदर्श म्हणजे आधी आरसाच, ज्यात बघावं ते. नंतर त्याला नमुना, अनुकरण करावं असं उदाहरण हा अर्थ चिकटला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी पहिलं मराठी वर्तमानपत्र काढलं तेव्हा त्याचं नाव 'दर्पण' ठेवलं. लोकांनी त्यात स्वतःला बघावं हा हेतू. इतिहासाकडूनही आपण बहुतेक वेळा हेच मागतो, आपला चेहरा दाखव, आणि जरा बरा दाखव. माझ्या त्या रीलने नेमकं हेच केलं होतं.

चुलतभावाला मी शेवटी लिहिलं की गर्व करायचाच तर जुन्नरच्या त्या लेखाचा कर. परदेशात कुणी आपली देवी पुजली की नाही, यापेक्षा आपल्या गावाशेजारी भांडी घडवणाऱ्यांची पत मोठी होती, हे मला जास्त भारी वाटतं. आणि ते पक्कं आहे. त्याने विचारलं, लेणं कुठे आहे, यंदा यात्रेला गेल्यावर बघू.

दिवाळीच्या आधी आईने माळ्यावरून काशाची वाटी काढली. तिच्या लग्नातली, तळपायाला तूप लावून चोळायची. वापरून वापरून काळी पडलेली. काशात साधारण पाचवा भाग, थोडं जास्तच, कथील असतं. म्हणजे आरशाच्या धातूची सख्खी बहीण. मी सहज म्हटलं, "बाबा, ही घासली तर तोंड दिसेल?"

त्यांनी वाटी उलटी केली, तळावर नखाने टिचकी मारली, नाद ऐकला. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी खिडकीत बसायचे. आधी चिंच आणि राख, मग बारीक पॉलिश पेपर ओला करून, मग कुठूनतरी आणलेली हिरव्या रंगाची पॉलिशची वडी आणि जुन्या धोतराचा तुकडा. मशीन नाही, धूळ नाही, तोंडाला मी दिलेला मास्क. दम लागला की थांबायचे. मी ऑफिसमधून आले की वाटी बघायची. चौथ्या दिवशी नुसता उजेड दिसला. सहाव्या दिवशी खिडकीचे गज दिसले, जरा वाकडे.

आठव्या दिवशी रात्री त्यांनी वाटी ट्यूबलाईटखाली धरली, तिरकी केली, नळीची रेघ तळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. एका ठिकाणी थांबले, अंगठ्याने ती जागा पुसली, पुन्हा बघितलं. मग वाटी माझ्याकडे दिली. पिवळसर उजेडात माझा चेहरा होता, थोडा पसरट, पण भुवईवरची लहानपणीची खूण दिसेल इतका स्वच्छ.

"तुम्ही बघितलंत का?" मी विचारलं.

"मी रोजच बघत होतो," ते म्हणाले. "घासणाऱ्याला आधी दिसतं."